पट्ट्याचं टेन्शन

तर झालं असं, की मागच्या जुलैमध्ये एका मंगळवारी रात्री साडेनऊला काकांचा फोन आला. काका वर्षातून दोनदाच फोन करतात. एकदा दिवाळीला आणि एकदा चिकूची पेटी पाठवली की ‘पोचली का’ विचारायला. त्यामुळे स्क्रीनवर ‘घोलवड काका’ दिसल्यावर काळजात धस्स झालं.

“पोरी, ती नागदेवी स्ट्रीट तुझ्या वाटेवर पडते का गं?”

“हो काका.”

मी बोरिवलीला राहते, घरातूनच काम करते आणि नागदेवी स्ट्रीटवर जन्मात कधी गेले नव्हते. पण मी सगळ्यांना, सगळ्यालाच ‘हो’ म्हणते. हा मुद्दा पुढे परत येणार आहे, तेव्हा लक्षात असू द्या.

“मग दोन बी फिफ्टी टू आण. चांगल्यातले बघ. दोन नको, चारच आण.”

बी फिफ्टी टू म्हटल्यावर मला अमेरिकेचं बॉम्बफेकी विमान आठवलं. काकांना विमानं नको होती, फवारणीच्या मशीनचे पट्टे हवे होते. व्ही-बेल्ट. बी म्हणजे पट्ट्याची जाडी-रुंदी (वरून १७ मिलिमीटर रुंद, ११ मिलिमीटर जाड) आणि ५२ म्हणजे आतून मोजलेली लांबी, इंचात. हे सगळं ज्ञान मला दुसऱ्या दिवशी नागदेवीच्या दुकानात मिळालं. काउंटरवरच्या माणसाने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, “मॅचिंग सेट देऊ?”

मॅचिंग? साडी-ब्लाऊज असतं तसं?

तसंच असतं. एका मशीनवर दोन पट्टे शेजारी-शेजारी चालत असतील तर दोघं एकाच लांबीचे लागतात. एक जुना, ताणून सैल झालेला आणि एक नवा अशी जोडी लावली, तर सगळा भार नवा एकटाच ओढतो आणि लवकर मरतो. ऑफिसमध्ये नवा ट्रेनी आला की काय होतं, ते आठवा. सेम फंडा.

चिकू, चिकू आणि चिकू

घोलवड तुम्हाला माहीत असण्याचे चान्सेस दोनच. एक तर तुम्ही वीकेण्डला बोर्डीच्या समुद्रावर गेला असाल, किंवा तुमच्या घरी कोणीतरी चिकूचा नाद असलेलं असेल. डहाणू लोकलनं शेवटच्या स्टेशनावर उतरायचं, आणि पुढे रिक्षानं नरपड, चिखले करत समुद्राच्या कडेकडेनं जायचं. मधे सुरूची झाडं, मग वाड्याच वाड्या. इथल्या जमिनीत कॅल्शियम भरपूर आहे, त्यामुळे चिकूला वेगळी गोडी येते म्हणतात. २०१६ साली ‘डहाणू घोलवड चिकू’ला जीआय मानांकन मिळालं, आणि २०२१मध्ये इथला चिकू त्या नावानं ब्रिटनला गेला. इराणी-पारशी शेठ लोकांच्या मोठ्या वाड्या, आणि त्यांच्या मधे मधे आमच्यासारख्यांच्या छोट्या.

आमची म्हणजे काकांची. तीन एकर, एकशे वीस झाडं, सगळी कालीपत्ती. आजोबांनी लावलेली. माझे बाबा नोकरीला मुंबईत आले, काका तिथेच राहिले. काकांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, इंजिनीअर होऊन अमेरिकेत मिनेसोटाला गेला आणि तिथलाच झाला. काकू गेली त्याला तेव्हा तीन वर्षं होत आली होती. घरात काका, एक मांजर आणि फटफटी.

फटफटी म्हणजे ते मशीन. लोखंडी चौकटीवर एका टोकाला आजोबांच्या काळातलं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन, हँडल मारून चालू करायचं. दुसऱ्या टोकाला फवारणीचा एचटीपी पंप. मधे दोन पट्टे. खाली चार चाकं. इंजिन पट्ट्यांना फिरवतं, पट्टे पंपाला फिरवतात आणि पंप औषध तीस किलोच्या प्रेशरनं पाइपातून पंचवीस-तीस फूट उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत फेकतो. पाठीवरच्या पंपानं हे होत नाही. चिकूचं झाड जुनं झालं की आंब्याएवढं होतं.

आणि जुलैत फवारणी लागतेच. पाऊस लागला की बुरशी येते आणि कोवळी फळं टपाटपा गळतात. त्यावर बोर्डो मिश्रण मारायचं. पावसानं दोन दिवस उघडीप दिली की तेवढ्यात सगळी वाडी उरकायची. आणि नेमक्या त्या दोन दिवसांत काकांचा पट्टा तुटायचा. पहिल्या पावसाळ्यात एक जोडी गेली. दुसऱ्यात दोन. या वर्षी जुलैच्या मध्यापर्यंतच दोन गेल्या होत्या.

मी पोचले तेव्हा काकांनी मला ते सगळे दाखवले. पडवीतल्या खिळ्याला मेलेल्या सापांसारखे लटकवून ठेवले होते.

“टाकून का नाही दिले?”

“असू दे,” काका म्हणाले. मग थोडं थांबून, इकडे न बघता म्हणाले, “या वेळी नाही झालं तर वाडी ठेक्यानं देऊन टाकतो. तुझा दादा म्हणतोय विकूनच टाका. बघू.”

माझ्या बॅगेत चार पट्टे होते आणि लॅपटॉपमध्ये तीन डेडलाइन्स. चेहऱ्यावर मात्र आपण सगळं जमवू टाइप कॉन्फिडन्स होता.

बर्फ फवारायचं मशीन

त्या रात्री आठला आम्ही दादाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळचे साडेनऊ वाजले होते, तो कॉफी पीत होता. काकांनी पट्ट्यांचा विषय काढला आणि दादा एकदम उठून उभा राहिला.

“बाबा, माझापण सेम प्रॉब्लेम आहे!”

तो आम्हाला फोनसकट गॅरेजमध्ये घेऊन गेला. कोपऱ्यात एक लाल मशीन. स्नोब्लोअर. त्यांच्याकडे हिवाळ्यात घरासमोर गुडघा-गुडघा बर्फ साचतो, तो हे मशीन खेचून घेतं आणि बाजूला लांब फेकून देतं. दादानं ते सेकंडहँड घेतलंय. इंजिनापासून बर्फ ओढणाऱ्या चक्रापर्यंत शक्ती नेणारा पट्टा त्याच्यातही आहे आणि गेल्या हिवाळ्यात दादानं तो तीन वेळा बदलला होता. प्रत्येक वेळी बाहेर शून्याखाली पंधरा आणि गाडी आत अडकलेली.

“बर्फ फवारायचं मशीन?” काकांनी विचारलं.

“फवारायचं नाही बाबा, फेकायचं.”

“मग दर वेळी करतोस काय?”

“काय करणार? नवा पट्टा लावतो.”

काका हसले. मी त्या तीन वर्षांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. दोन माणसं, दोन खंड, एकाला पाऊस, एकाला बर्फ, आणि दोघं तेच करतायत. तुटला की नवा लाव.

त्या कॉलनंतर आम्ही तिघं तासभर पट्ट्यांवर बोललो. एरवी बाप-लेकाचा फोन ‘जेवलास का, जेवलात का’च्या पुढे जात नाही.

अंगठ्याची परीक्षा

दुसऱ्या दिवशी आम्ही कामाला लागलो. जे काही वाचून, विचारून कळलं होतं ते असं.

व्ही-बेल्टची गंमत ही, की तो पुलीच्या खाचेत तळाला टेकतच नाही. तो पाचरीसारखा दोन बाजूंच्या उतारांत अडकतो आणि त्या बाजूंनीच पकड घेतो. गावच्या पिठाच्या गिरणीतला चपटा पट्टा नुसता वरून घासून फिरवतो. पाचरीच्या आकारामुळे तेवढ्याच ताणात पकड जवळजवळ तिप्पट होते. म्हणून सगळा खेळ त्या दोन बाजूंचा. बाजू गुळगुळीत काचेसारख्या झाल्या की समजायचं, पट्टा घसरत होता आणि भाजला. आतून आडव्या चिरा पडल्या की एक तर तो म्हातारा झाला किंवा तापत होता. पट्टा खाचेच्या तळाला टेकत असेल, तळ चकचकीत दिसत असेल, तर पुलीच झिजली आहे. मग कितीही नवा पट्टा लावा, उपयोग शून्य.

मग टेन्शन. हा शब्द आपण उगाचच मनासाठी राखून ठेवलाय. पट्ट्याला टेन्शन लागतंच, फक्त किती, हा प्रश्न. दोन पुल्यांच्या मधल्या भागावर अंगठ्यानं दाबायचं. मधलं अंतर अर्धा मीटर असेल तर साधारण आठ मिलिमीटर दबला पाहिजे. जास्त दबला तर सैल, तो घसरून जळणार. दबलाच नाही तर फार ताठ, मग पट्टा वाचेल पण बेअरिंग जाईल. नवा पट्टा पहिल्या अर्ध्या तासात बसतो, थोडा सैलावतो, म्हणून मशीन थांबवून परत ताणायचा. लोक नेमकं हेच विसरतात.

काकांनी मागच्या वर्षी काय केलं होतं? सैल वाटतोय म्हणून सगळी ताकद लावून ताणला होता. पंपाचं बेअरिंग हात लावता येणार नाही एवढं तापलं. मग कोणीतरी सांगितलं म्हणून पट्ट्याला राळ लावली. राळेनं चिकटून तो दोन दिवस छान चालला आणि तिसऱ्या दिवशी चिंध्या झाल्या. नवा चढवताना स्क्रू ड्रायव्हर घालून पुलीवर उचकटून बसवायचे, ते वेगळंच. तसं केलं की पट्ट्याच्या पोटातले दोरे तिथल्या तिथे तुटतात, वरून काही दिसत नाही. नीट पद्धत म्हणजे पंपाचे बोल्ट सैल करून पंप पुढे सरकवायचा, पट्टा हातानं बसवायचा आणि मग पंप मागे खेचायचा.

आम्ही सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं केलं. मॅचिंग सेट बसवला. दोन्ही पुल्यांच्या कडेला दोरी ताणून धरली, दोरी चारही ठिकाणी टेकली, म्हणजे पुल्या एका रेषेत. अंगठ्यानं दाबलं, आठ मिलिमीटर. काकांनी हँडल मारलं. फटफटी धडधडली. तलासरीकडून कामाला येणारे दादा पाइप घेऊन झाडाकडे गेले, त्यांच्या बायकोनं पाइपचं वेटोळं सोडत नेलं. निळं-पांढरं पाणी शेंड्यावर फुललं. मी फोटो काढला आणि दादाला पाठवला. ‘डन!’

चाळीस मिनिटांनी आधी किंचाळल्यासारखा आवाज आला, मग जळक्या रबराचा वास. एक पट्टा खाचेत उलटा झाला आणि दुसऱ्यावर चढला. काकांनी इंजिन बंद केलं. अठरा झाडं झाली होती, एकशे दोन राहिली होती.

काका काहीच बोलले नाहीत. त्यांनी तो पट्टा काढला, पडवीत गेले आणि खिळ्याला लटकवून आले.

रील कामाला आलं

आता माझी विद्या. मास कॉम करून मी आतापर्यंत एका चॅनेलमध्ये, एका जाहिरात एजन्सीत आणि एका वेबसाइटमध्ये काम केलंय. एजन्सीत असताना मी सहा महिने फक्त एकच काम करायचे. चहात बिस्किट बुडताना, केसांतून पाणी उडताना वगैरे स्लो मोशनमध्ये शूट करायचं. आईला कधीही समजावून सांगता आलं नाही की पगार कशाचा मिळतो.

दुपारी पाऊस आला. तो थांबेपर्यंत मी पडवीत बसून खिळ्यावरचे पट्टे बघत होते. सगळे एकाच बाजूनं झिजले होते. उजवी कड जवळजवळ शाबूत, डावी खाल्ल्यासारखी. एका बाजूनं झिज म्हणजे पुल्या रेषेत नाहीत. पण दोरी तर बरोबर टेकली होती!

मग वाटलं, दोरी आपण धरली तेव्हा मशीन बंद होतं. चालू असताना काय होतं, ते कोणी पाहिलंय?

संध्याकाळी उरलेली जोडी लावली, काकांना फक्त पाच मिनिटं इंजिन चालवायला सांगितलं आणि गन चालू ठेवून पूर्ण प्रेशर घेतलं. मी चिखलात बसून फोननं पंपाचं स्लो मोशन शूटिंग केलं. आधी पुलीचं, मग पट्ट्याचं, मग खाली पंपाच्या पायाचं. नुसत्या डोळ्यांना सगळं नुसतं थरथरताना दिसत होतं. फोनवर बघितलं तेव्हा मला घाम फुटला. पंपाचा एक पाय प्रत्येक दाबाबरोबर वर उचलला जात होता. काडीभरच. आणि तो उचलला की अख्खा पंप इंजिनाकडे मान टाकत होता.

ते क्लिप घेऊन आम्ही बाजारातल्या वेल्डिंगवाल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी फोन हातात घेतला, तीनदा बघितलं, चष्मा काढून पुसला, परत बघितलं.

“भाऊ,” ते काकांना म्हणाले, “पट्ट्याला उगाच शिव्या घालताय. खाली बघा, खाली.”

खाली बघितलं तेव्हा

मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत आले. पंपाखाली निळसर-पांढरा जाड थर साचला होता, वर्षानुवर्षांच्या फवारणीचा. त्यांनी छिन्नीनं तो टवकवला. खालून लोखंडी अँगल निघाला. निघाला म्हणजे काय, जेवढा उरला होता तेवढा. कडेला पापडासारखा पातळ, आणि वेल्डिंगच्या जागी आरपार तडा. मशीन बंद असताना तडा मिटलेला, म्हणून दोरी सरळ. प्रेशर आलं की तडा उघडायचा, पंप तिरका व्हायचा, पट्टा एका कडेवर यायचा. पट्टा फक्त शेवटी बळी जात होता.

पंपाचं पॅकिंग गळत होतं. थेंब थेंब त्याच अँगलवर. पण मिस्त्रींनी तो थर बोटांत चुरडला आणि विचारलं, “भाऊ, मोरचूद मारता ना? कोयता बुडवून बघता का?”

काका गप्प.

हे समजायला थोडं केमिस्ट्रीत जावं लागेल. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना. नाव फ्रान्समधल्या बोर्दो गावावरून. १८८५ साली मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञानं ते द्राक्षांवरच्या केवडा रोगासाठी जगापुढे आणलं. एक टक्क्याचं करायचं तर शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवायचे, भांडी प्लास्टिकची किंवा मातीची, लोखंडाची कधीच नाही, आणि मग एकत्र ओतायचे. मोरचूद आम्ल, चुना त्याला शांत करतो. चुना कमी पडला तर मोरचूद मोकळं राहतं आणि लोखंड खातं. दहावीच्या विज्ञानात निळ्या पाण्यात खिळा बुडवला होता, आठवतंय? लोखंड विरघळतं आणि त्याच्यावर तांबडा थर चढतो. तोच प्रयोग आमच्या फटफटीवर तीन पावसाळे चालू होता.

त्याची परीक्षा शेतकऱ्यांना पाठ असते. मिश्रण तयार झालं की त्यात घासलेलं लोखंडी पातं मिनिटभर बुडवायचं. पात्यावर तांबूस थर आला तर अजून चुना घालायचा. थर येईनासा झाला की मिश्रण तयार.

“ते ती बघायची,” काका म्हणाले.

काकू. कोसबाडच्या टेकडीवरच्या कृषी विज्ञान केंद्रात एकदा बायकांचं प्रशिक्षण होतं, तिथे ती हे शिकून आली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बालवाड्यांमुळे नाव झालेली तीच टेकडी. तेव्हापासून दर फवारणीला पिंपापाशी कोयता घेऊन ती उभी. मला लहानपणीची ती आठवते, पदर खोचलेला, कोयता उन्हाकडे धरून बघणारी. आम्हाला वाटायचं, काकूला उगाच कोयता घेऊन फिरायची सवय आहे. ती गेल्यावर मोरचूद आणि चुना मोजून घालणं चालू राहिलं. कोयता बुडवणं बंद पडलं. काकांनी ठरवून बंद केलं नाही. ते काम कधी त्यांचं नव्हतंच, त्यामुळे ते राहिलंय हेच त्यांच्या लक्षात आलं नाही.

आणि चुना? गोठ्यातल्या उघड्या पोत्यातला, दोन पावसाळे हवा खाल्लेला. हवेतल्या चुन्याचा दम जातो. तो वजनाला एक किलो भरतो, काम तेवढं करत नाही.

काका उठले. आत गेले, कोयता घेऊन आले. गंजला होता. त्यांनी तो दगडावर घासला, आदल्या दिवशीच्या पिंपात उरलेल्या मिश्रणात बुडवला आणि आम्ही सगळे घड्याळाकडे न बघता उभे राहिलो. बाहेर काढला तेव्हा पातं तांब्याच्या भांड्यासारखं दिसत होतं.

“पानांच्या कडा जळतायत ते याच्यानेच,” काका म्हणाले. “मी समजत होतो, वाडी म्हातारी झाली.”

पुढे काय झालं

मिस्त्रींनी कुजलेला अँगल कापून जाड चॅनेल वेल्ड केलं. पंप मागे-पुढे सरकवता यावा म्हणून त्याला लांबट भोकं पाडली. पंपाची पुली झिजली होती, ती बदलली. गळणारं पॅकिंग बदललं, चौकटीला रेड ऑक्साइड मारला. नवा कळीचा चुना आला, तो झाकणाच्या डब्यात गेला. खर्च म्हणाल तर तीन वर्षांच्या पट्ट्यांपेक्षा जास्त झाला, हे प्रामाणिकपणे सांगते. फवारणीनंतर मशीनवर स्वच्छ पाणी मारायचं, हा नवा नियम पडवीच्या भिंतीवर खडूनं लिहिला गेला.

उघडीप पुढच्या आठवड्यात मिळाली. दोन दिवसांत एकशे वीस झाडं झाली. दर पिंपाला काका कोयता बुडवत होते, उन्हाकडे धरून बघत होते. मी त्याचं शूटिंग केलं नाही.

तीच जोडी अख्खा हंगाम चालली. फळगळ पूर्ण थांबली का? नाही, तसं कुठे होत नाही. आणखी दोनदा फवारावं लागलं, एकदा तर रात्रीच्या पावसानं सगळं धुऊन नेलं. पण पानांच्या कडा हिरव्या राहिल्या आणि वाडी ठेक्यानं गेली नाही. यंदा तरी. पुढचं काका ठरवतील, दादा ठरवेल. तो प्रश्न पट्ट्यानं सुटण्यातला नाही.

आणि मी? मी पाच वर्षांत तीन नोकऱ्या बदलल्या. प्रत्येक वेळी कारण पटण्यासारखं होतं. पहिल्या ठिकाणी बॉस भयंकर, दुसऱ्या ठिकाणी क्लायंट, तिसऱ्या ठिकाणी तर रविवारसुद्धा नव्हता. मग फ्रीलान्स झाले. आता बॉसच नाही, म्हणजे टेन्शन खल्लास! तरी रात्री दोनला मी जागीच होते आणि तीन डेडलाइन्स एकमेकींवर चढत होत्या. घोलवडहून परतताना लोकलमध्ये बसल्या बसल्या मी मेलबॉक्स उघडला आणि गेल्या दोन महिन्यांत कोणाकोणाला काय काय कबूल केलंय ते मोजलं. चौदा ‘हो’. त्यातले नऊ पैसे न ठरवता दिलेले. नोकऱ्या बदलल्या, ‘हो’ची सवय तीच होती, थेंब थेंब त्याच जागेवर पडणारी. पालघर येईपर्यंत मी तीन जणांना ‘जमणार नाही, सॉरी’ लिहिलं. चौथ्याला लिहिताना हात थरथरला, ते अजून ड्राफ्टमध्येच आहे.

डिसेंबरमध्ये दादाचा फोन आला. मी तेव्हा घोलवडलाच होते. तिकडे पहिला मोठा बर्फ पडला होता.

“बाबा, यंदा पट्टा बदलायच्या आधी मी खाली बघितलं,” तो म्हणाला. “पुलीच्या मागचं बेअरिंग पार ढिलं झालंय. हातानं शाफ्ट हलतोय.”

“मग?”

“बदललं. कालपासून चालतंय.”

“पहिल्या अर्ध्या तासानं थांबवून परत ताणलास का?”

पलीकडे शांतता.

“जा,” काका म्हणाले, “आधी ताणून ये. मी फोन धरून थांबतो.”